गोडी लागली नाही, तरीही

सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर मला पाहिलेली ओळखीची माणसे पुढच्या भेटीत हमखास विचारतात, ‘तुम्हाला व्यायामाची गोडी कशी लागली?’ विचारणाऱ्याला ती स्वतःला लावून घ्यायची असते, म्हणून उत्तर देताना मला जरा अवघडल्यासारखे होते. गोडी मला लागलेलीच नाही. पन्नाशी ओलांडल्यावरही गजर झाला की पाऊस पडत असला तर बरे, हाच विचार आधी मनात येतो. तरी मी जाते, कारण खेळ आणि व्यायाम या दोन गोष्टी माझ्या डोक्यात उशिरा का होईना, वेगळ्या झाल्या.

शाळेत त्या एकच होत्या. पी.टी.च्या तासाला थोडी कवायत झाली की खो-खो सुरू होई आणि संघ पाडताना मी शेवटपर्यंत उरत असे. वाड्यातल्या खेळात तर मी कायमचे कच्चे लिंबू होते. पाठीवर खो बसल्यावर उठून कुठे धावायचे ते ठरवेपर्यंत पळणारी मुलगी खांबापलीकडे पोहोचलेली असे, आणि एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही हा नियम माझ्यासारख्या गोंधळलेल्या मुलींना उघडे पाडण्यासाठीच केला असावा, असे मला तेव्हा वाटे. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. पण त्यांचे लक्ष आंतरशालेय स्पर्धेच्या संघाकडे असे, आणि जिला खेळता येत नाही तिने शरीराचे काय करायचे, याचे उत्तर त्या तासात मिळत नसे. पुढे हिशेबतपासणीची बैठी नोकरी लागली आणि तो प्रश्न पडेनासाही झाला.

तो पुन्हा पडला तो लंडनच्या बसगाड्यांमुळे. जेरी मॉरिस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे मांडले की, दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या तुलनेत, तिकिटे देत सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. गणवेशांच्या मापांची नोंद तपासून 1956 मध्ये त्यांनीच दाखवले की चालकांचे कंबरेचे माप बहुधा नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त होते, म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. (हिशेब तपासणाऱ्या बाईला हा प्रामाणिकपणा फार भावतो.) मला त्यातली वेगळीच गोष्ट भिडली. त्या वाहकांना जिन्याची गोडी असण्याचे काहीच कारण नव्हते, कोणी त्यांचे गुण मोजत नव्हते आणि त्यांना संघातून वगळतही नव्हते.

नानासाहेब पेशव्यांच्या काळातले देवस्थान असलेली पर्वती मी निवडली ती घराजवळ आहे म्हणून. तिच्या दगडी पायऱ्या शंभराच्या आसपास असतील, पण त्या इतक्या रुंद आहेत की एक पाऊल वर आणि एक सपाटीवर असे चालावे लागते. परिणामी दर पायरीला भार उचलणारा पाय तोच राहतो, उजवी मांडी भरून येते आणि डावा पाय फुकट्यासारखा मागून येत राहतो. मधूनच एक पाऊल जास्तीचे टाकून पाय बदलावा लागतो, हे कोणी सांगितले नव्हते. शेजारून पोलीसभरतीची तयारी करणारी मुले धावत वर जातात आणि साडीवर बूट घातलेल्या आजीबाई स्तोत्र म्हणत मला मागे टाकतात. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम आहेत असे समजतात. त्या हिशेबाने आजीबाईंचा व्यायाम होतच नसावा, माझा मात्र नक्की होतो. उतरणे सोपे वाटते, तरी दुसऱ्या दिवशीचे दुखणे मुख्यतः त्याचेच असते, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार रोखून धरावा लागतो.

रोज दहा हजार पावलांचे बंधन मी पाळत नाही. हा आकडा 1965 मध्ये एका जपानी कंपनीने बाजारात आणलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून पसरला. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमांची आहे आणि सलग दहा मिनिटे झालीच पाहिजेत, ही जुनी अट त्यात नाही. म्हणून बस एक थांबा आधी सोडून चालत जाणेही मी बिनदिक्कत खात्यात जमा धरते. त्याच शिफारशीतले स्नायूंना बळ देणारे व्यायाम, तेही आठवड्यातून किमान दोन दिवस, मला सगळ्यात नकोसे वाटतात. पण या वयात बायकांची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, त्यामुळे बातम्या पाहताना मी खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करते आणि भिंतीला हात लावून जोर काढते.

पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा मी आमच्या इमारतीचा जिना चढते. तो पर्वतीहून कितीतरी कंटाळवाणा आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अजूनही दार किलकिले करून विचारतात, ‘लिफ्ट बंद पडली का हो?’