आगाखान पॅलेस, पुणे : फेब्रुवारीची पक्षीनोंद

यंदा कॅमेरा घरीच. दुर्बीण, वही आणि कान. आवाजावरून पक्षी ओळखायचा सराव करायला आगाखान पॅलेस बरा पडतो. उजाडता उजाडता आत सोडत नाहीत, त्यामुळे पहाटेचा कल्ला हुकतो. पण ऊन चढल्यावर मोजकेच पक्षी बोलतात, ते शिकाऊ कानाला सोयीचं.

तांबट आता जमतो. टुक-टुक करताना तो मान फिरवतो, म्हणून आवाज कधी इकडून, कधी तिकडून येतो. आवाजामागे धावू नका. उन्हातल्या वाळक्या शेंड्यांवर दुर्बीण लावा, तिथेच बसलेला असतो.

राखी धनेशाची जोडी उंबरावर होती. नराने फळ चोचीच्या टोकात धरलं, मान मागे झटकली आणि उंबर हवेतून थेट घशात. जीभ आखूड, त्यामुळे प्रत्येक फळाला हीच कसरत. अर्धा तास तिथेच गेला, बाकी बाग राहिली तर राहिली.

ही वास्तू तिसऱ्या आगाखानांनी 1892 मध्ये बांधली, दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून. ऑगस्ट 1942 पासून गांधीजी इथे कैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच गेले. कस्तुरबांची पुण्यतिथी 22 फेब्रुवारीला, त्यामुळे या महिन्यात वर्दळ असते. तरी समाधीपाशी माणसं आपसूक हळू बोलतात, आणि पक्षी खाली उतरतात. लाल छातीचा माशीमार तिथेच मिळाला. किल्ली दिलेल्या खेळण्यासारखं ‘ट्र्र्र’, मग शेपटी वर, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं. मादीला लाल कंठ नसतोच, म्हणून माझा भर आवाज आणि शेपटीवर.

हिरवळीवर पांढरे धोबी पक्षी, वर घारी. बुलबुल-साळुंक्या मोजल्या नाहीत. एक मुका वटवट्या ‘जात अनिश्चित’ म्हणूनच वहीत राहिला. नुसत्या पंखपट्टीवर नाव ठोकून देणं मला पटत नाही.

आता लक्ष धनेशाच्या विणीवर. मादी ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो. ढोली सापडलीच तर जागा नोंदीत टाकणार नाही, आधीच सांगतो. खाली फोटोवाल्यांची गर्दी झाली की नर फळ घेऊन जवळ यायला बिचकतो, आणि आत बसलेली उपाशी राहते.