रोहूला मळमळीचं औषध

जुलैतली संध्याकाळ. आमच्या मत्स्यबीज केंद्रावर रोहूच्या प्रजननाची तयारी चालली होती. मादीचं पोट मऊ, फुगीर लागायला हवं; नराच्या छातीच्या परावर बोट फिरवलं की खरखरीत लागायला हवं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, न्यायला येणारे तलाव संस्थेचे एक काका त्या दिवशी मुद्दाम थांबले होते. मी सिरिंजमध्ये ओव्हाप्रिम, म्हणजे माशांना अंडी सोडायला लावणारं औषध, भरत होते. काकांनी बाटली उचलून लेबल वाचलं. "डोम्पेरिडोन? ही तर माझी मळमळीची गोळी! माशाला कशाला?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. फार आनंद झाला.

तळ्यातल्या रोहूची अंडी तयार होतात, पण नदीचं वाहतं पाणी नसल्यामुळे मादी ती सोडत नाही. अंडी सोडायचा इशारा मेंदूखालची पियुषिका ग्रंथी देते, आणि मेंदूतलं डोपामाइन हे रसायन तिला ब्रेक लावून ठेवतं. ते पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेवर, बसतं, त्याला डी-२ म्हणतात. डोम्पेरिडोन तीच जागा अडवतं. आपली मळमळ थांबते तीही याच डी-२ला अडवल्यामुळे. माणूस आणि रोहू यांचा सामायिक पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, तरी रिसेप्टर इतका सारखा राहिला की एकच औषध दोघांना चालतं! मला तर याहून थोर गोष्ट जीवशास्त्रात सापडलेली नाही.

"मग नुसती गोळीच द्या की," काका म्हणाले.

नुसता ब्रेक सोडून भागत नाही. म्हणून त्याच बाटलीत सामन माशाच्या जीएनआरएच हॉर्मोनचं बदललेलं रूप असतं, पियुषिकेला हुकूम देणारं. मूळ हॉर्मोन दहा अमिनो आम्लांचं. आपल्यातल्यापेक्षा फक्त सातवं आणि आठवं वेगळं. त्याच्या रिसेप्टरची गंमत निराळी. माशांत त्याला आतल्या बाजूला शेपूट असतं, आपल्या मुख्य रिसेप्टरचं गळून गेलंय. शेपटामुळे पेशी रिसेप्टर लवकर आत ओढून घेते. आपला बराच वेळ बाहेर राहतो. ही दोन औषधांची जोडी १९८०च्या दशकात लिन आणि पीटर या संशोधकांनी बसवली.

मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, नराला त्याहून कमी. इंजेक्शनं देऊन जोड्या कुंडात सोडल्या. पहाटे अंडी पडली तेव्हा काका कठड्यापाशीच होते. म्हणाले, "ताई, पुढच्या प्रशिक्षणाला संस्थेची पोरं आणतो. त्यांना हे शेपटाचं नीट सांगा."