किनाऱ्यासाठी मेटल डिटेक्टर: आधी ओल्या वाळूचं बघा

"किती खोल पकडतो?" मेटल डिटेक्टर घेताना सगळे हेच विचारतात. किनाऱ्यासाठी त्याआधी ठरवा: कोरड्या पुळणीवर फिरणार की ओल्या?

खारं पाणी वीजवाहक असतं. त्यामुळे ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळूच मशीनला धातू वाटते आणि कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) जरा वरखाली झाली की कुईंकुईं सुरू. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं स्वस्त मशीन इथे हात टेकतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की आवाज थांबतो, पण मग अंगठीही हाती लागत नाही. वरच्या कोरड्या वाळूत मात्र तेच मशीन छान चालतं. ओल्यात फिरायचं तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं घ्या. माइनलॅब इक्विनॉक्स, नोक्टा लेजेंड ही त्यातली.

रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूची भानगड वेगळी. तिच्यात इल्मेनाइट, मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. मिठासाठी ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल दाबायची सेटिंग) साधावा तर खनिज बोंबलतं, खनिजासाठी साधावा तर मीठ. अशा जागी पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारं मशीन बरं, पण ते लोखंड वेगळं ओळखत नाही. प्रत्येक खिळ्यासाठी खणायची तयारी हवी.

'लोखंड बाद'चं बटण जपून वापरा. आपली रुपयाची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तीही त्यात बाद होतात. सोन्याची पातळ अंगठी आणि चुरगळलेली चांदी, म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली, मशीनच्या पडद्यावर साधारण एकच आकडा दाखवतात. सोनं हवं तर कचरा उपसायचाच. बारीक चेन तर मशीनला अख्खी दिसतच नाही, एकेक कडी सुटी दिसते. म्हणून मंगळसूत्र सापडतं ते बहुधा वाट्यांमुळे.

कॉइल 10-11 इंची डीडी (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) पुरे. मात्र 'वॉटरप्रूफ' कॉइलपुरतं की कंट्रोल बॉक्ससकट, हे नीट वाचा. ब्लूटूथ हेडफोन पाण्याखाली बंद पडतो, तिथे वायरचाच लागतो. वाळू चाळायच्या स्कूपची भोकं मोठी असली तर कानातल्या कुड्या निसटतात.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि कॉइलचं झाकण काढून आतली वाळूही झटका. ती अडकली की खोटे सिग्नल येतात आणि माणूस उगाच मशीनला दोष देतो.

जुनं काही सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो: जमिनीत दडलेला ऐवज 10 रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हो, दहाच.