मीटरवरचं शून्य

पॅचबे म्हणजे स्टुडिओतल्या सगळ्या यंत्रांच्या तारा एका जागी आणणारी सॉकेटांची पट्टी. ४८ पॉइंटचा असेल तर मागच्या बाजूला १४४ जॉइंट. प्रत्येक पॉइंटला तीन: टिप, रिंग, स्लीव्ह. प्रत्येकावर हीट-श्रिंकची नळी. वर आउटपुट, खाली इनपुट, सगळं हाफ-नॉर्मल, म्हणजे वरचं खालच्याला आतूनच जोडलेलं. वरच्या ओळीत कॉर्ड खोचली तरी खाली जाणारा सिग्नल तुटत नाही. कोथरूडच्या एका फ्लॅटमधल्या घरगुती स्टुडिओचं काम देखणं झालं होतं. मीच सांगतो, कारण पॅचबेच्या मागे डोकावायला कोण जातंय?

आणि कीबोर्डच्या चॅनेलवर घूं... ५० हर्ट्झची.

"पॅचबे लावायच्या आधी नव्हती हो," स्टुडिओचे मालक, दादा म्हणाले. झालं. मी कीबोर्डचे जॉइंट उपसून पुन्हा केले. घूं तिथेच. कीबोर्डची केबल अनबॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची जाळी, शील्ड, हीच परतीची तार. घूं घालवायला तिला तोडून चालत नाही. अशा वेळी लोक सरळ प्लगची तिसरी, अर्थची पिन कापतात. घूं जाते, एखाद दिवशी माणूसही जाईल.

तेवढ्यात वहिनींनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला आणि घूं दुप्पट झाली. मिक्सर थांबला, घूं खाली आली.

मी मीटर काढलं. कीबोर्ड एसीच्या बोर्डावर होता, तेही माझ्याच सांगण्यावरून, 'सगळा लोड एका जागी नको' म्हणून. पॅचबे आणि बाकीची यंत्रं बसवलेला रॅक मात्र कॉम्प्युटरच्या बोर्डावर. दोन्हींच्या अर्थ पिनांमध्ये मिक्सर चालू असताना दोन व्होल्टच्या वर. मेन बंद करून कॉम्प्युटरचा बोर्ड उघडला. आत काळ्या वायरचा बोटभर तुकडा, न्यूट्रलवरून थेट अर्थच्या पिनला. अर्थची वायर तिथवर आलेलीच नव्हती! मिक्सर त्याच लाइनवर, त्यामुळे न्यूट्रलचा थोडा करंट माझ्या शील्डमधून एसीच्या खऱ्या अर्थकडे पळत होता.

घूं राहू द्या. मागे कुठे ती न्यूट्रल तुटली असती, तर रॅकच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. माइकची जाळीही त्याच शील्डला जोडलेली, आणि दादा ओठ टेकवून गातात.

पण झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीनं. काम सुरू करताना मी याच सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजलं होतं. ०.०. खूश होऊन म्हणालो होतो, "अर्थिंग झकास आहे दादा." चालत्या घरात, लोड असताना, तिथे थोडंफार काहीतरी दिसतंच. चोख शून्य दिसलं तर आधी शंका घ्यायची. हे मला माहीत होतं! तुकडा टाकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला शिव्या घालणं सोपं आहे. त्याला पास मी केलं.

आता इस्त्री लावून मोजतो, दोन बोर्डांच्या मध्येही मोजतो. जुनी डायरी काढून आधीच्या गिऱ्हाइकांना फोन लावतोय. पहिलेच गृहस्थ म्हणाले, "घूं येत नाही ना आमच्याकडे? मग कशाला उघडताय बोर्ड?"

रविवारी जातोय त्यांच्याकडे. चहाला म्हणून.