बरोबर आलेले निदान

सकाळच्या राउंडनंतर आमचा ज्युनिअर सहज म्हणाला, "मॅडम, तुमचं निदान चुकतच नाही," आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मेंदूविकारांतल्या डी.एम. या वरच्या पदवीच्या तीन वर्षांत कौतुकाचे शब्द असे कितीसे वाट्याला येतात. त्यातला एक आला, तर तोही सुखाने पचू नये, हे माझेच नशीब.

निमित्त त्या चक्कर येणाऱ्या काकांचे. पहिल्या रात्रीचा एमआरआय स्वच्छ असूनही मी स्ट्रोक लिहिला होता आणि आजच्या डिफ्युजनमध्ये, म्हणजे ताजा स्ट्रोक दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्रात, लहान मेंदूत डाग दिसला. दोष आतल्या कानाचा असता, तर मी त्यांची मान झटकन वळवताच माझ्या नाकावर रोखलेली त्यांची नजर घसरून पुन्हा जागेवर आली असती. ती घसरलीच नाही. चक्कर थांबत नसताना ही तपासणी निर्दोष निघाली की घाबरायचे, असे हे उलटे गणित आहे. अशा चकरेत डोळ्यांच्या तीन तपासण्या (ही त्यांतलीच एक) सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा सरस ठरतात, हे २००९ च्या अभ्यासाने दाखवले खरे; पण तिथे तपासणारे त्याच विषयात मुरलेले होते. त्यांची अचूकता माझ्या हातात आपोआप कशी येईल?

शिवाय काकांचे वय, मधुमेह आणि रक्तदाब हे सारे मी मान वळवण्याआधीच केसपेपरवर वाचले होते. त्यावरून मनाने स्ट्रोक ठरवून टाकला आणि मगच मला नजर स्थिर दिसली, असे तर झाले नसेल? उत्तर बरोबर आले, म्हणून हा प्रश्न आता कोणी विचारणार नाही. रात्री आईला फोन करावासा वाटला होता, पण असो.

ज्यांना कानाची चक्कर म्हणून घरी पाठवले, त्यांचे काय झाले? निदान चुकले असेल, तर ते दुसऱ्याच एखाद्या ओपीडीत उघडकीला आले असेल आणि तिथल्या डॉक्टरांनी मला नावे ठेवून औषध बदलले असेल. फिल्म पाहण्याआधी निदान आणि त्याची खात्री टक्क्यांत लिहून ठेवा, असे सर सांगतात, म्हणून मी वही घातली आहे. तिच्यात टक्के मोठ्या ऐटीत भरलेले आहेत. पुढे काय झाले, हा रकाना मात्र बहुतेक कोरा आहे.

उद्या दुपारी फोन लावायला बसणार आहे. केसपेपरवरचा नंबर बहुधा भाच्याचा असतो, आणि मामांच्या चकरेपेक्षा विम्याचे कागद कधी मिळतील, याचीच त्याला अधिक चिंता असते.