चिठ्ठ्या टाकून भूमिती होते का?

‘समोर एवढी पृष्ठं असताना चिठ्ठ्या टाकून नवी कशाला बनवता?’ हे मला लग्नकार्यात विचारतात, आणि त्याहून जास्त आमच्याच क्षेत्रातली मंडळी विचारतात. पृष्ठ म्हणजे इथे पुस्तकाचं पान नव्हे, चेंडूच्या सालीसारखा पृष्ठभाग; आणि मी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून बनवलेल्या पृष्ठांचा अभ्यास करते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

त्रिकोण घ्यायचे, बाजूंच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि चिकटवायचे. दोन त्रिकोणांच्या 15 जोडण्या होतात: 12 मधून चेंडूसारखा गोल निघतो, 3 मधून मेदूवड्यासारखं भोकाचं पृष्ठ.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती: गोल नसेल तर टाकून दे. मला गोलच हवा होता, कारण माझ्या मनातलं पृष्ठ तसंच होतं. त्रिकोण वाढवले की प्रोग्राम रखडायचा. मी दोष कॉम्प्युटरला दिला. भाषणात आकृत्या दाखवल्या, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे विचारलं, ‘टाकून दिलेली किती?’ मी मोजलीच नव्हती. प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. खडू हातात धरून मी किती वेळ उभी होते, आठवत नाही.

रात्री हिशेब केला. 20 त्रिकोणांना चार हजार जोडण्यांमागे जेमतेम एक गोल. मग ती ओळ काढली आणि 1000 त्रिकोण जोडले. 3000 कोपरे, आणि ते सगळे मिळून शिरोबिंदू सरासरी आठ-नऊच! शिरोबिंदू, कडा आणि त्रिकोण मोजून भोकं सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्राने भोकं सुमारे 247. ज्याचा अभ्यास करते असं सांगत होते, तेच मी वर्षभर फेकत होते.

तेव्हाची मी अजून भांडते: ल गाल आणि मिएरमों या गणितज्ञांनी 2013 मध्ये फक्त गोलच घेतले होते ना? तुकडे अमर्याद वाढवत नेल्यावर त्यांना जे पृष्ठ मिळालं ते आकाराने गोलच, पण इतकं खडबडीत की त्याची हाउसडोर्फ मिती (खडबडीतपणा धरून मोजलेली मिती) 2 नव्हे, 4. खरं आहे. पण गोलच घेतोय हे त्यांनी आधी सांगितलं होतं. मी लपवलं होतं, स्वतःपासूनसुद्धा.

तुमच्या प्रश्नातला बोचरा भाग तरीही उरतो. ब्रूक्स आणि मॅकोव्हर या गणितज्ञांनी 2004 मध्ये अतिपरवलयी (खोगिरासारख्या वक्र भूमितीतले) त्रिकोण जोडले. गणितज्ञ मरियम मिर्झाखानींनी सगळ्या अतिपरवलयी पृष्ठांच्या अवकाशाचं घनफळ मोजून यादृच्छिक पृष्ठ निवडलं. भोकं वाढत गेली की आखूड बंद वाटांची संख्या दोन्हीकडे प्वासाँच्या, म्हणजे विरळ घटनांच्या मोजणीच्या, नियमाने वागते. हे जुळणं मला फार मोलाचं वाटतं. पण चिठ्ठ्या कोणत्या डब्यातून काढायच्या, हे त्यातून ठरत नाही. मी त्रिकोणांचा डबा घेतला, कारण तो मला हाताने मोजता येतो. हे कारण पुरेसं आहे असं मी काल म्हटलं असतं.