चित्त दोरीपाशी : अमृतसर ते घुमान

अमृतसरला हरिमंदिर साहिबाच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, जोडाघरात मी बूट पुढे केले, तेव्हा पलीकडच्या वृद्ध सेवेकऱ्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि क्रमांकाचा बिल्ला माझ्या हातावर ठेवला. बुटांवर दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाची धूळ होती, त्यामुळे मी ओशाळलो. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र त्याची दखलही नव्हती. डोक्याला रुमाल बांधून, दारातल्या उथळ पाण्यातून पाय धुऊन मी आत गेलो. दर्शनाचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे, म्हणून ते येथे करत नाही. मला सांगायचे आहे ते लंगरबद्दल, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सामुदायिक भोजनाबद्दल, आणि तेही जेवणाबद्दल नव्हे, तर भांडी घासण्याबद्दल.

लंगरमध्ये सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात. या ओळीला तिथेही ‘पंगत’च म्हणतात, हे ऐकून आपल्या माणसाला बरे वाटते. पोळीला ‘परशादा’ म्हणतात आणि ती ओंजळ पुढे करून घ्यायची असते. ताट पुढे सरकवून चालत नाही. जेवण झाल्यावर मी भांड्यांच्या हौदापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे ताटांचा खणखणाट इतका असतो की शेजारच्याशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. माझा पेशा हिशेबाचा, त्यामुळे हात कामाला लागताच मनाने मोजणी सुरू केली. एकशे चाळीसपर्यंत पोहोचल्यावर आपण बरेच काम केले, अशी एक सुखद भावना मनात डोकावली. शीख परंपरेत या ‘मी’पणाला ‘हउमै’ म्हणतात आणि तो जावा म्हणून सेवा सांगितली आहे. मी त्या सेवेतूनच तो वाढवत होतो.

माझ्या डाव्या हाताला साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना बीबीजी म्हणत होते. ताटावरून हात फिरवता फिरवता त्या पलीकडच्या बाईंना आपल्या सुनेच्या बाळंतपणाची हकीकत सांगत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि दर थोड्या वेळाने श्वास सोडावा तितक्या सहजपणे ‘वाहेगुरू’ म्हणत होत्या. हात थांबत नव्हते आणि नामही थांबत नव्हते. मी किती ताटे झाली ते पुटपुटतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ‘पुत्तर, गिणती किस लई?’ (बाळा, मोजणी कशासाठी?) एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी बसने घुमानला निघालो. गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावात संत नामदेवांचे दीर्घ वास्तव्य झाले, अशी परंपरा आहे. 2015 सालचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते, त्यामुळे नाव ओळखीचे होते. सोबत देवनागरीतली गुरबाणी, म्हणजे शीख धर्मग्रंथातली पदे, होती. गुरू अर्जनदेवांनी संकलित केलेला आदिग्रंथ 1604 मध्ये हरिमंदिरात प्रतिष्ठित झाला; आजच्या गुरू ग्रंथ साहिबाची पृष्ठे 1430, आणि त्यांना पाने न म्हणता ‘अंग’ म्हणतात, कारण 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथालाच दिले. त्यात नामदेवांची 61 पदे आहेत. अंग 972 वर, रामकली रागात, पुढील ओळी आहेत :

आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले।
पंच जना सिउ बात बतऊआ चीतु सु डोरी राखीअले॥

कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात उडवला; चारचौघांशी गप्पा चालल्या आहेत, पण चित्त मात्र दोरीपाशी. ‘आनीले’, ‘काटीले’ या क्रियापदांत आपली मराठी ऐकू आली आणि हलत्या बसमध्ये मी ती ओळ तीनदा वाचली. मग बीबीजी आठवल्या. सुनेची हकीकत या त्यांच्या गप्पा होत्या आणि वाहेगुरू ही दोरी. पुढच्या कडव्यांत पाण्याची घागर डोक्यावर घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली येतात, पाच कोसांवर चरत असूनही वासरात जीव गुंतलेली गाय येते, आणि शेवटी पाळण्यात मूल झोपवून आत-बाहेर कामे करणारी आई येते.

गायीच्या कडव्यापाशी मी पुस्तक मिटले. घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. तिला धाकट्या बहिणीवर सोपवून मी निघालो होतो आणि दर दोन तासांनी फोन करत होतो. आपले चित्त यात्रेत नाही, याचा मला अपराधच वाटत होता. नामदेवांनी मात्र तोच ओढा दृष्टांत म्हणून घेतला आहे. ईश्वराकडे चित्त कसे लावावे हे सांगताना त्यांना गुहेतला तपस्वी आठवला नाही, वासरू आठवले.

घुमानच्या गुरुद्वाऱ्यात संध्याकाळी रहिरासचा, म्हणजे सायंप्रार्थनेचा, पाठ सुरू असताना मी मागे भिंतीला टेकून बसलो. नामदेव आणि त्यांचे संतमित्र त्रिलोचन यांचा संवाद ग्रंथात कबीरांच्या श्लोकांमध्ये आला आहे. कापड छापत बसतोस, रामात चित्त का लावत नाहीस, असे त्रिलोचन विचारतो, तेव्हा नामदेव सांगतात :

हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि॥

हातापायांनी सगळे काम करावे, चित्त निरंजनापाशी असावे. कष्टाची कमाई करण्याला शीख परंपरेत जे मोल आहे, ते छिप्याच्या, म्हणजे कापड छापणाऱ्याच्या, या उत्तरात मला आयते सापडले. पाठ संपेपर्यंत मी फोन पाहिला नाही. मग बाहेर येऊन बहिणीला केला. आईने अर्धी वाटी पेज घेतली होती.

परतल्यापासून सकाळी आईचे अंग पुसताना मी गायीचे कडवे म्हणतो. चाल मला येत नाही, म्हणून नुसतेच म्हणतो, आणि आई कधी कधी ‘राखीअले’ हा शब्द माझ्यामागून म्हणते. परवा मात्र तिची औषधे डबीत भरताना, महिन्याभरात मी तिला किती गोळ्या दिल्या याचा हिशेब मनात सुरू झाला. बासष्टपर्यंत गेल्यावर लक्षात आले.